यादीचा फोटो, घड्याळासकट

अकरावी सायन्सची यादी लागली त्या दिवशी महाळुंगे पडवळहून एक बाप मुलीला घेऊन आमच्या ऑफिसात आला. जुन्नर तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. तेव्हा अकरावीची यादी आमच्याच ऑफिसात बनायची. मार्क मी भरायचे आणि शेवटची प्रिंट हेडक्लार्क काढायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मुलीला दहावीला शहाऐंशी टक्के होते. यादीत अडुसष्ट लागले होते. आकडे उलटे झालेले आणि नाव बाहेर. जागाही सगळ्या भरून गेल्या होत्या.

भाऊसाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "टायपिंग मॅडमचं असतं. त्यांना विचारा."

बाप माझ्याकडे वळला. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, त्याच्याकडे अजून होती. तो मला ओळखत होता. "ताई, तुमी आमच्यातल्याच ना? आन तुमीच आमच्या पोरीचं वाटोळं केलं व्हय?"

मी शहाऐंशीच भरले होते. मला पक्कं आठवत होतं, पण आठवण कोणाला दाखवता येत नाही. प्राचार्य म्हणाले, "चूक झाली असं लिहून द्या, विषय मिटेल." मी लिहून दिलं. दुपारी स्टाफरूममध्ये भाऊसाहेब चहा पिताना म्हणाले, "मेंढरं मोजायची सवय राव, आकड्यात इकडचं तिकडं व्हायचंच." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शेवटची जागा भाऊसाहेबांच्या पाहुण्यांच्या मुलाला मिळाली, हे मला चार दिवसांनी शिपाईमामांकडून कळलं.

मी फाईल उघडली. माहितीच्या पानावर शेवटचा बदल कोणाच्या लॉगिनने झाला ते दिसतं. तिथं भाऊसाहेबांचं नाव होतं. हे पकडून ठेवायला हवं होतं. कीबोर्डवर प्रिंट स्क्रीन नावाचं बटण रोज दिसायचं, कधी वापरलं नव्हतं. दाबलं, काहीच झालं नाही. मी येडी प्रिंटरकडे बघत बसले. मग कळलं, फोटो निघालेला असतो पण कुठं दिसत नाही, पेंट उघडून चिकटवावा लागतो. सोबत ऑल्ट दाबलं तर फक्त समोरची खिडकी येते, बाकी पसारा नाही. मी तसा नेटका फोटो काढला, छापला आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला.

प्राचार्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. त्यांनी तो हातात धरून पाहिला. "मी प्रिंटसाठी फाईल उघडली, सेव्ह केली. नाव येणारच. पण आधी आकडा काय व्हता, ते कुठंय? हा फोटो कधी काढला, ते कुठंय?"

दोन्ही नव्हतं. नेटकेपणाच्या नादात मी स्क्रीनची खालची पट्टी कापली होती आणि तारीख-वेळ त्या पट्टीतच असते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता पुरे."

त्या दिवशी मी ठरवलं, पुढच्या जूनपर्यंत, नव्या यादीपर्यंत थांबायचं.

वर्षभर मी भाऊसाहेबांशी इतकी गोड वागले की माझ्या नवऱ्यालाही नवल वाटलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले. चहा आला की पहिला कप त्यांच्यापुढे सरकवायचे. मधल्या काळात विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबायला शिकले. पडदा क्षणभर मंद होतो आणि अख्ख्या स्क्रीनचा फोटो, घड्याळासकट, आपोआप फोल्डरमध्ये जाऊन बसतो. त्याच विंडोजच्या बटणासोबत शिफ्ट आणि एस दाबून हवा तेवढा तुकडा कापता येतो, तेही शिकले. पण कापलेल्या फोटोवर माझा विश्वास उरला नव्हता.

जून आला. यादी पूर्ण करून मी संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो काढला. "भाऊसाहेब, यादी झाली. आता तुम्हीच बघा," म्हणाले आणि एसटीला पळाले.

सकाळी आल्याबरोबर फाईल उघडली. बेल्ह्याच्या एका मुलीचे चौऱ्याऐंशी होते, अठ्ठेचाळीस झाले होते. शेवटचा बदल आदल्या दिवशी पाच चाळीसला, त्यांच्याच लॉगिनने. मी पुन्हा सगळे फोटो काढले.

तेव्हाच ओरडले असते तर यादी बोर्डावर लागलीच नसती. पण मग ते म्हणाले असते, कच्ची यादी होती, तपासणारच होतो. म्हणून मी गप्प बसले. यादी लागली. ती मुलगी आईबरोबर आली. आई बोर्डावर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली गेली, पुन्हा वरून सुरू झाली. मुलगी रडायला लागली. मी खिडकीतून बघत होते आणि उठले नाही. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सभासदांची त्याच दिवशी बैठक होती, मला सगळं त्यांच्यासमोरच दाखवायचं होतं, आणि ती सुरू व्हायला अजून दोन तास होते.

मायलेकींची तक्रार बैठकीत आली. भाऊसाहेब सवयीने म्हणाले, "टायपिंग मॅडमचं असतं."

ह्याच वाक्याची मी वाट बघत होते. प्रोजेक्टर लावला. आधी पाचचा फोटो, मग सकाळचा, मग त्यांचं नाव आणि पाच चाळीस. प्राचार्यांनी स्वतः ऑफिसात जाऊन फाईल उघडून पाहिली. परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भाऊसाहेबांच्या मानेवर घाम आला होता. तो मी डोळे भरून पाहिला.

मुलीला प्रवेश मिळाला. भाऊसाहेबांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली, प्रवेशाचं काम कायमचं गेलं. जाताना गेटवर मला म्हणाले, "एवढं मनात धरून ठेवलं व्हतं?"

"एक वर्ष," मी म्हणाले.

मग महाळुंग्याच्या त्या बापाला फोन केला, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मागून मेंढरांचा आवाज येत होता. "पोरगी मंचरला कॉमर्सला हाय. बरं चाललंय तिचं," तो म्हणाला. "आमाला आता काय त्याचं, ताई?" आणि फोन ठेवला.

ते लागलं. बोर्डापुढची ती आईही मधूनच आठवते. तरी खोटं कशाला बोलू, भाऊसाहेबांची मान आठवली की त्या दिवशी मला जेवण जास्त गोड लागतं.