बारकीनं माझं हाड फेकून दिलं

आमची बारकी हाडं वाढवते. थट्टा नाही, खरंच. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथं माणसाच्या पेशी बाटल्यांत घालून कपाटात ऊब देऊन वाढवतात आणि कवटीला नाहीतर जबड्याला भोक पडलं असेल तिथं बसवतात. अजून सगळ्यांना देत नाहीत, तपासणी चालू आहे. पण ते काम आमच्या घरातली पोरगी करते! मी आठवीतच शाळेला रामराम ठोकला, तरी बहीण माझी आहे हे सांगितल्याशिवाय मी कुणाला चहासुद्धा पाजत नाही.

मी गाड्यांचे पोचे काढतो. माझ्या हातात पत्रा आला की सरळ होणारच. तर एक दिवस जॅक सटकला आणि त्याचा दांडा बसला माझ्याच कपाळावर. हाडाचा चुरा. डॉक्टरांनी तो काढला, राहिला खड्डा. वर नुसती कातडी, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी उडायची.

"उस्ताद, स्वतःचा पोचा कधी काढताय?" गॅरेजातले विचारायचे.

मी हसायचो. पण गाडीखाली जायची बंदी होती. तिथं पुन्हा काही लागलं असतं तर खेळ खलास.

मग माझ्या कंबरेच्या हाडातला मगज काढून त्या खोलीत पाठवला. तिथला नियम असा, की आपल्या माणसाची बाटली आपण हाताळायची नाही. म्हणून माझ्या बाटल्या बारकीच्या जोडीदारानं सांभाळल्या. त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. पण माल बाहेर जाण्याआधी दुसऱ्यानं बघून सही करायची, आणि तिथं दुसरी फक्त बारकी.

चष्मेवाला फार मायेचा. रोज फोटो पाठवायचा. "दादा, बघा कशा हातपाय पसरतायत!" मी तो अख्ख्या गॅरेजात फिरवायचो. आमच्या घराण्याच्या पेशी, त्या कशाला आळशी असतील!

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी डोकं भादरून खाटेवर बसलो होतो. बारकी आली ती दारातच थांबली. मागं कवटीचे डॉक्टर.

"दादा, उद्या नाही होणार. एका बाटलीत बुरशी दिसतेय."

"एका बाटलीत," डॉक्टर म्हणाले. "बाकीच्या स्वच्छ आहेत. मी उद्यानंतर बाहेरगावी चाललोय, बराच काळ."

"स्वच्छ दिसतायत, साहेब. एकाच कपाटात होत्या सगळ्या."

माझी बायको उठली. "अहो, ताई! सख्ख्या भावाचं वाटोळं करताय तुम्ही. घरात चूल कुणी पेटवायची?"

"बारके, सही कर," मी म्हणालो. माझ्या कपाळावरची कातडी थडथड उडत होती. मला ती ऐकू येत होती.

"परक्याचं असतं तर केव्हाच टाकलं असतं. तुझं आहे म्हणून डोळेझाक करू? त्या खड्ड्याच्या खाली लगेच मेंदू आहे, दादा. तिथं बुरशी शिरली तर मी काय करणार, सांग ना!"

"पण आली कुठून?" मी विचारलं.

ती आत येऊन खाटेजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "मायेनं. दादाचं कसं चाललंय बघू, म्हणून जो येईल तो कपाटाचं दार उघडत होता. दर वेळी बाहेरची हवा आत. फोटो उगाच निघतात का?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. बायको पण. मी भिंतीकडे तोंड केलं.

"जा. टाक."

ती गेली. परत आली तेव्हा हातांना स्पिरिटचा वास होता. माझ्या पायाशी बसून राहिली. मी पाय बाजूला घेतले नाहीत.

पुढं रिपोर्ट आला. उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीत बुरशी निघाली, एकीत नाही. बायको म्हणते, म्हणजे एक चांगली होती! बारकी म्हणते, वहिनी, त्या दिवशी त्यातली चांगली कुठली, ते सांगा ना.

मी पुन्हा कंबर दिली. डॉक्टर परत आलेत. कपाटावर आता कागद चिकटवलाय, 'उघडाल तर माझ्याशी गाठ आहे'. अक्षर बारकीचं. चष्मेवाला फोटो पाठवत नाही. मी हेल्मेट घालून गॅरेजात बसतो आणि दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो.

उद्या ती मायक्रोस्कोपमधून बघणार. सकाळपासून फोन हातात घेतोय आणि खिशात ठेवतोय. विचारणार नाही. नाही म्हणाली, तर तिसऱ्यांदा कंबर पुढं करीन, आणि तेही अख्ख्या गॅरेजाला सांगून.