वाऱ्यासाठी सोडलेली जागा

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात शाल पांघरून मी हरित इमारतींवरचं भाषण ऐकलं. एसी इतका गार होता की शेजारचे साहेब सारखे शिंकत होते. देश झपाट्याने वाढतोय, माणसं शहराकडे येतायत, जो आज पर्यावरण सांभाळून बांधेल त्याचाच उद्याचा धंदा, असं वक्ता सांगत होता. मीही येडी, मान डोलवत होते. आर्किटेक्ट होऊन मी दुसऱ्यांच्याच बंगल्यांच्या बाथरूमा काढत बसले होते आणि शिक्रापुरात हमरस्त्यालगत आमची जमीन होती.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथं कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या. सगळेच काढत होते. भिंतीला भिंत, वर पत्रा, खिडकी नावाला. नाईट शिफ्ट करून आलेला माणूस अशा खोलीत दुपारी झोपत नाही, शिजतो. मी आप्पांना म्हटलं, माझ्या खोलीत माणूस झोपेल. मधे पोकळी ठेवून दुहेरी भिंती घेतल्या, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले, खिडक्या समोरासमोर ठेवल्या. मागच्या बाजूला वारा यावा म्हणून आमच्याच हद्दीत चांगली रुंद पट्टी मोकळी सोडली. आप्पा कुरकुरले, पण त्यांनी बांधू दिलं.

पहिल्या खोलीत बिहारचं एक जोडपं आलं. तो कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर, कायम नाईटला. त्या मशीनवर डुलकी लागली की बोटं जातात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. भर उन्हाळ्यात त्याची बायको मला म्हणाली, "दीदी, अब ये दिन में सो लेते हैं। पहले मुझे रात भर डर लगता था।" मला कुठल्याही बक्षिसाने झाला नसता एवढा आनंद त्या वाक्याने झाला.

त्या पट्टीपलीकडे तात्यांचं, माझ्या चुलत्यांचं रान. आप्पा आणि तात्या बांधावरून भांडलेले. नांगराच्या एका तासाएवढ्या, म्हणजे वीतभर जमिनीसाठी दोघं सख्खे भाऊ एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले नाहीत. एका सकाळी मी गेले तर दोघं शेजारी शेजारी उभे, आणि माझ्या पट्टीत पाया खणणं चाललेलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, तात्यांनी अतिक्रमण केलं.

"तात्या, ही जागा आमची आहे. वाऱ्यासाठी सोडलीय."

तात्या शांतपणे म्हणाले, "पोरी, मोकळी जागा ठिवली की ती गेलीच समज. आज वारा येतोय, उद्या कुणाची म्हैस यील, परवा कोर्ट."

"खणू दे," आप्पा म्हणाले. "मीच सांगितलंय त्यास्नी. त्यांचं थोडं, आपलं थोडं. मधी आणखी एक लाईन बसती खोल्यांची."

"आप्पा, खिडक्या बंद होतील. आतली माणसं झोपणार कशी?"

"पंखा हाय की."

कुंपणानंच शेत खाल्लं, कुणाकडे दाद मागायची? बांधापायी आयुष्यभर वैर धरलं, आणि एक झाले ते कशासाठी, तर माझ्या खिडक्या बुजवायला. मी भांडले, रडले, नकाशा दाखवला. आप्पांनी नकाशा नीट घडी करून परत दिला. नव्या लाईनीची भिंत माझ्या खिडक्यांच्या गजांना टेकली. पुढच्या भिंतीला मात्र हिरवा रंग आला आणि फ्लेक्स लागला: 'इको रूम भाड्याने मिळतील.' तो फ्लेक्स फाडावा असं मला रोज वाटायचं. फाडला नाही, याचाही राग आहे.

बिहारचं जोडपं पुढच्याच उन्हाळ्यात सामान बांधायला लागलं. नवरा आता दुपारभर ओला टॉवेल घेऊन दारात बसायचा. मशीनवर डोळा लागला होता म्हणे, थोडक्यात वाचला. बायकोने तक्रार केली नाही. "कमरा अच्छा था, दीदी," एवढंच म्हणाली. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी आप्पांकडे जाऊन म्हटलं, "बघा आता. एकेक करून सगळ्या रिकाम्या होतील." आणि खरं सांगते, तसं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. धंदा बुडाल्यावर तरी त्यांना कळेल.

जोडप्याच्या सामानाचा टेम्पो हलायच्या आधीच दोन तरुण पाठीवर बॅगा घेऊन दारात उभे. खिडकी उघडून पाहावी असं दोघांनाही वाटलं नाही. गाडी आत लावता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं.

"कुठं लागलात?" मी विचारलं.

"प्रेस शॉपला. दोघंबी नाईटला."

मी आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दे की किल्ली."

मी दिली.