सांत्वनाची मुदत

वकिलांच्या ऑफिसचा जिना उतरताना माझ्या थोरल्या बहिणीने कठडा घट्ट धरला होता. आमची आई वृद्धाश्रमात पाठीच्या जखमा चिघळून गेली. तिथे कुणी तिची कूससुद्धा बदलत नव्हतं. नंतर तिथले व्यवस्थापक वरचेवर ताईकडे येत. "चौकशी चालू आहे, ताई. कोर्टात कशाला जाता?" म्हणत डोळे पुसत. ताई त्यांना चहा देई. महिन्याभरापूर्वी एकाएकी त्यांचं येणं थांबलं.

आज वकील म्हणाले, "तक्रारीची दोन वर्षांची मुदत गेल्याच महिन्यात संपली."

रडणारं माणूस तारखा बघत नाही. त्या व्यवस्थापकाने मात्र बघितल्या असणार.

शेवटच्या पायरीवर ताई थांबली. म्हणाली, "आईसाठी माझ्याजवळ बसून रडणारा तो एकटाच होता रे."