फौजदारांचा 'हं'

फौजदार कुणावरही विश्वास ठेवत नसत. चहा बिनसाखरेचा म्हणून पुढे आला, तरी पहिला घोट मला घ्यायला लावत. सातपूरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधले ते सगळ्यात जुने कॉम्प्युटरवाले, मूळचे सटाण्याचे. फौजदार हे नुसतं आडनाव; पोलिसांशी संबंध एवढाच, की ते प्रश्न विचारायला लागले की समोरच्याला न केलेले गुन्हे आठवायचे.

ते निवृत्त झाल्यावर मुख्य सर्व्हर कुणाच्या हाती द्यायचा, हे साहेब त्यांनाच विचारणार होते. मला तो हवा होता, अगदी मनापासून. पण मी मशीनसाठी हुकमांची कुठलीही स्क्रिप्ट लिहिताना मागे उभे राहून ते नुसते 'हं' म्हणत. हा माणूस साहेबांकडे माझ्या चुगल्या तर करत नसेल? मीही त्यांच्यावर डोळा ठेवून असे.

एकदा बंद पडलेल्या तीन केंद्रांचे फोल्डर पुसायचे होते. यादी एकाच ओळीत होती : पेठ,सुरगाणा,नाशिक रोड. मी ती स्वल्पविरामांवर तोडून अ‍ॅरेत, म्हणजे एका नावाला एक खण अशा रांगेत, भरली.

"किती खण झाले?"

"तीन, काका."

"हे तू म्हणतीस. मशीन काय म्हणतं?"

मशीनही तीनच म्हणालं. मी ऐटीत वळले. पण फौजदार कसले ऐकतात! "आता पुसू नको. काय काय पुसणार, ते नुसतं छापून दाखव."

पेठ. सुरगाणा. नाशिक. रोड.

मी स्क्रिप्ट पुन्हा वरपासून वाचली. अ‍ॅरे नीट भरला होता; पण त्यातून नावं काढताना दुहेरी अवतरणचिन्हं घालायची राहिली होती. मधली मोकळी जागा दिसताच शेलने, म्हणजे हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामने, 'नाशिक रोड'चे दोन तुकडे केले. आणि 'नाशिक' म्हणजे आमचं मुख्य केंद्र! अख्ख्या शहराचे रिपोर्ट गेले असते.

फौजदार 'हं' म्हणाले आणि निघून गेले. झालं, सर्व्हर गेला हातचा, असं मी धरून चालले. तेव्हापासून प्रत्येक यादी आधी छापून, बोटांवर मोजून मगच पुसायचे. घरी गॅसचं बटणही तीनतीनदा बघायचे.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग सर्व्हर कुणाकडे?"

"हिच्याकडे," फौजदार माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"अहो, हिनेच ना नाशिक पुसायला काढलं होतं?"

म्हणजे म्हाताऱ्याने सांगितलंच होतं!

"म्हणून तर," फौजदार म्हणाले. "बाकीच्यांचा सोतावर लय भरवसा हाय, साहेब. हिचा नाय राहिला."

सगळे हसले. मला मात्र रडू आवरेना.