पाचव्या महिन्याचे आरोपी

लेकीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच पडलं, तेव्हा आरोपी मी तासाभरात पकडला. तिची सासू. विहीणबाईंनी तिला कुपवाडच्या कारखान्यात कामाला स्कूटीवरून जाऊ दिलं होतं, असल्या रस्त्यानं. पुरावा गोळा करायला मी स्वतः रिक्षातून तो रस्ता तपासून आले आणि दोन दिवस कंबर धरून झोपले.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. चौथ्या महिन्यात सांगलीच्या डॉक्टरीणबाईंपुढं आम्ही तिघी बसलो. माझं लक्ष विहीणबाईंवर, त्यांचं माझ्यावर.

"माहेरी कुणाचं असं झालंय का? आईचं, मावशीचं, आजीचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हा प्रश्न विहीणबाईंनीच पढवून ठेवलाय, याची मला खात्री पटली. "छे," मी म्हणाले, "आमच्याकडच्या बायका चिवट."

"हिची बोटं पार मागं वळत्यात," विहीणबाई हळूच बोलल्या.

"बोटांवरनं पोट ठरतं व्हय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ठरत नाही. पण सांधे काय, गर्भपिशवीचं तोंड काय, एकाच जातीच्या धाग्यांनी धरलेलं असतं. काही घरांत हे धागे जन्मतःच सैल असतात. मग कळा न येताच तोंड उघडतं. हिला कळा आल्याच नव्हत्या ना? म्हणून विचारते. घरात आधी झालं असेल, तर ते तोंड बांधून ठेवायला टाका घालायचा विचार मी लवकर करीन."

मी मनात मोजायला लागले. माझं स्वतःचं, पाचव्या महिन्यात. आरोपी माझी सासू आणि एक भरलेली घागर. बहिणीचं, लोणंदहून येताना. आरोपी एसटीचा ड्रायव्हर. आईचं, भावकीतल्या एकीची नजर लागून. सगळे खटले आम्ही जिंकलेले, त्यामुळं एकापुढं एक कधी मांडलेच नव्हते. खरं तर ती घागर मी उचललीच नव्हती. गोष्ट सांगता सांगता ती भरत गेली. कळा मात्र मलाही आल्या नव्हत्या.

"आई, गप का झालीस?" लेकीनं विचारलं. तिचा हात पोटावर होता.

मग मी तिघींचंही सांगितलं, घागरीसकट.

"आवं, मग वरीसभर मला कशाला धारेवर धरलं?" विहीणबाई म्हणाल्या.

"रस्ता खराबच हाय," मी म्हणाले.

हेच कारण असं खात्रीनं सांगता येत नाही, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. लेकीला आत नेऊन सोनोग्राफी केली. पिशवीच्या तोंडाची लांबी असायला हवी त्यापेक्षा कमी भरली. मंगळवारी टाका घालायचं ठरलं.

"तुमी सोमवारीच मुक्कामाला या," बाहेर आल्यावर विहीणबाई म्हणाल्या.

माझ्यावर नजर ठेवायची असणार. मी लगेच हो म्हणाले. लेकीला त्या काही जड उचलू देतायत का, ते मलाही बघायचं होतं.