सिस्टरचा डावा हात

सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणायची. इस्पितळातून निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी म्हणायची. पुढे पुढे तर मास्तरही, म्हणजे तिचे यजमानही, तिला सिस्टर म्हणायला लागले, आणि त्यावरून त्यांची जी चेष्टा झाली ती त्यांनी हसण्यावारी नेली. मास्तर शिंपी. त्यांनाही खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्या घरात धड नाव होतं ते फक्त मांजराला.

मोटारसायकल होती ती सिस्टरची. मास्तरांना सायकलसुद्धा कधी जमली नाही. लग्नानंतर बायको पुढे आणि आपण मागे, हे त्यांनी एकदा मान्य करून टाकलं आणि नंतर त्याचा अभिमानच बाळगला. निवृत्त झाल्यावर सिस्टर अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे घरी जायची. कुणाचं ड्रेसिंग बदल, कुणाला सलाइन लाव, कुणाच्या पाठीवरच्या जखमा साफ कर. ‘काही दुखणार नाही हं’ असं तिने आयुष्यात एका पेशंटला सांगितलं नाही. ती सांगायची, ‘दुखेल. मी सांगितलं की ओरडा.’ माणसं ओरडायची आणि तरीही तिचीच वाट बघायची. यातली निम्मी घरं चढावर होती, तिथे बस जात नव्हती.

दोनेक वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून तिचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पूर्वीची ताकद काही आली नाही. तेव्हा तिने जुनी गाडी विकून हायड्रॉलिक क्लचची गाडी मुद्दाम शोधून घेतली. त्यात हँडलवरच्या क्लचच्या लिव्हरपासून इंजिनपर्यंत तार नसते. नळीत ऑइल भरलेलं असतं आणि हाताचा दाब तेच खाली पोचवतं. हाताला कष्ट कमी.

आणि मग ते चौकातलं प्रकरण झालं. लाल दिवा होता. सिस्टरने लिव्हर पार मुठीपर्यंत दाबून धरला होता, तरी गाडी पुढे सरकली आणि भाजीवाल्याच्या हातगाडीला जाऊन धडकली. टोमॅटो सोडले तर कुणाला इजा झाली नाही. पण संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, सिस्टरचा हात गेला. गॅरेजवाल्याने दोन बोटांनी लिव्हर दाबून पाहिला आणि म्हणाला, “लिव्हर तर लोण्यासारखा आहे, सिस्टर. गाडीचं सोडा, तुमच्या हाताचं बघा.” त्या दिवसापासून त्याच्या गॅरेजची पायरी न चढण्याचं तिने ठरवलं.

लेक धावत आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आईच्याच हाताखाली गाडी शिकली होती, आणि आईसारखीच हट्टी होती. “आई, चावी दे,” दारातूनच म्हणाली.

“हात नाही, क्लच बिघडलाय.”

“हात गेलेले सगळे तेच म्हणतात, की आपला हात नाही.”

“रविवारी ये,” सिस्टर म्हणाली. “तोवर दुरुस्त करून ठेवते. क्लचचा दोष नसेल, तर चावी मी स्वतः तुझ्या हातात देईन. मागायचीसुद्धा गरज नाही.”

मास्तर शिलाई मशीनवर बसून ऐकत होते. घरात बसलेली सिस्टर त्यांनी एकदाच पाहिली होती, मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा. तेवढ्या दिवसांत तिने एका हाताने सगळी कपाटं पुन्हा पुन्हा लावली, मांजराला औषध पाजलं, आणि एके दुपारी खिडकीशी नुसती बसून राहिली. कपाटं लावणारी बायको त्यांना चालली असती. खिडकीशी बसलेली बघवली नव्हती.

शनिवारी दुपारी मागच्या अंगणात दोघं कामाला लागले. नळीत हवा शिरली असणार, असं सिस्टरचं निदान. ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणजे हाताचा जोर हवेला दाबण्यातच वाया जातो आणि खाली क्लच अर्धवटच सुटतो. तेव्हा हवा काढायची. हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण तिने उघडलं. आतलं ऑइल काळपट झालं होतं. “हे गाडीवर सांडलं तर रंग खातं. टाकीवर काहीतरी टाका, पटकन,” ती म्हणाली, आणि मास्तरांनी हाताला आलं ते टाकलं. ते एका गिऱ्हाईकाच्या कोटाचं कापून ठेवलेलं पाठीचं कापड होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर त्यावर ऑइलचे थेंब पडून चुकले होते. रंग वाचला. कोटाची पाठ गेली.

इंजिनाजवळच्या ब्लीडरला, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, तिने सलाइनची पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि पाना घेऊन खाली बसली. मास्तर वर, लिव्हरपाशी.

“दाबा. धरा. सोडू नका म्हटलं की सोडायचं नाही.”

“चाळीस वर्षं तेच करतोय.”

“बोलू नका, धरा.”

ती ब्लीडर सैल करायची, नळीतून ऑइल सळसळत बाटलीत जायचं, ती परत आवळायची, मग मास्तरांनी लिव्हर सोडायचा. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर वरून पुन्हा हवा शिरते. काळं ऑइल जाऊन स्वच्छ यायला लागलं. एखादा बुडबुडा दिसे, की मास्तर टाळ्या वाजवायच्या बेतात येत. मग बुडबुडेही थांबले. सिस्टर उठली, लिव्हर दाबला, आणि तो होता तसाच लिबलिबीत होता.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. उन्हं उतरली. सिस्टरचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांनी तिला मनगट मोडलं त्या दिवशीही अशी पाहिली नव्हती. “क्लचचा दोष नसेलच बहुतेक,” ती म्हणाली, आणि पाना खाली ठेवून पायरीवर बसली. शेजारी ऑइल भरलेली ती सलाइनची नळी पडली होती. बसल्या बसल्या तिने ती उचलली आणि सवयीने नखाने टिचक्या मारायला लागली. नळीत अडकलेला एक बुडबुडा टिचकीसरशी सुटला आणि वर चढला.

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने कपाळावर हात मारला. “मूर्ख आहे मी!”

“कोण म्हणतं?” मास्तर तावातावाने म्हणाले.

“अहो, मी म्हणतेय ना. जन्मभर सलाइन लावलं म्हणून इथेही सलाइनच लावत बसले! बाटली वर, पेशंट खाली, सगळं वरून खाली. पण हवेला वर जायचंय, आणि मी तिला ओढून खाली आणतेय. ती बसलीय वर, हँडलजवळच्या वाकणात, आरामात.”

तिने मोठी सिरिंज आणली. ताजं ऑइल भरलं, सुई नसलेलं तोंड वर धरून टिचक्या मारल्या, हवा काढली, आणि सिरिंज नळीने खालच्या ब्लीडरला जोडली. मास्तरांनी वरच्या डबीतलं ऑइल आधी दुसऱ्या सिरिंजने उपसून घेतलं, नाहीतर ते भरून सांडलं असतं. मग ती खालून सावकाश दाबत गेली. इंजेक्शन देताना असायचा तोच चेहरा, तोच संथपणा. आणि वर डबीत एक मोठा बुडबुडा आला, फुटला, मागून बारक्यांची रांगच लागली. “आली, आली, आली!” मास्तर ओरडले. सिस्टरने ब्लीडर आवळला, डबी भरून झाकण लावलं, हात पुसले आणि लिव्हर दाबला. लिव्हर घट्ट लागला. तिने गाडी स्टँडवर घेऊन चालू केली, गिअर टाकला, लिव्हर दाबून धरला. मागचं चाक जागचं हललं नाही.

मास्तरांना वाटलं, आत्ता गॅरेजवाल्याला इथे बोलावून उभं करावं. या बाईच्या हाताखालून किती माणसं बरी होऊन गेली असतील, पण तिचा आज वाटला तितका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. सिस्टर एक फेरी मारून यायला निघाली. ते दारात उभे राहिले.

ती परत आली ती इंजिन बंद करून, गाडी रेटत. गाडी उभी केली, पुन्हा चालू केली, पहिला गिअर टाकला, लिव्हर धरला. मास्तर बघत होते. तिची बोटं थरथरायला लागली. लिव्हर हळूहळू सुटत गेला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. तिने परत केलं. परत तसंच झालं.

“अजून हवा असेल,” मास्तर म्हणाले.

“हवा नाही. हवा होती तेव्हा लिव्हर मऊ होता. मऊ लिव्हर काय, मांजरसुद्धा दाबेल. हाताला काही करावंच लागत नव्हतं, म्हणून कळलं नाही.” ती डाव्या हाताकडे बघत होती. “आता कळलं.”

मास्तर जवळ आले. “मग कुणाला सांगायची काय गरज आहे? घालू परत थोडी हवा. थोडीशीच.”

सिस्टर मोठ्याने हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. “आणि मग पुन्हा टोमॅटोत जाऊ? या वेळी टोमॅटोच असतील कशावरून?”

रविवारी लेक आली. तिने लिव्हर दाबला, गाडी चालवून बघितली आणि परत येऊन आईच्या गळ्यात पडली. “माझं चुकलं, आई. क्लचच होता. तू चालव. कोण काय म्हणतंय ते मी बघते.”

मास्तरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने एवढंच ऐकून घ्यायचं होतं. गप्प बसायचं होतं, बाकी काही नाही. त्यांनी मनातल्या मनात बायकोला गप्प बसण्याची गयावया केली.

“क्लच होताच,” सिस्टर म्हणाली. “आणि हातही आहे.” तिने चावी लेकीच्या हातात ठेवली. लेक रडायला लागली, तशी तिच्यावर डाफरली, “रडतेस काय? गेले नाही मी अजून. चढावरच्या घरातल्या आजोबांचं ड्रेसिंग राहिलंय, उशीर होतोय. बस पुढे. दर रविवारी येशील, आणि मधले दिवस कसे भागवायचे ते बघू. माझी बॅग घे.”

आयुष्यात पहिल्यांदा ती मागे बसली. बसताना पाय नेमका कुठे ठेवायचा ते तिला कळेना, आणि मास्तरांनी वाकून तिचा पाय फूटरेस्टवर ठेवून दिला. गाडी निघाली. ते दारात उभे राहून बघत होते. लेकीने गिअर बदलला, खडखड न होता, अगदी आईसारखा. तिच्या खांद्यावर सिस्टरचा डावा हात होता. दर गिअरला त्या हाताची बोटं मिटत होती आणि उघडत होती, गाडी वळणाआड जाईपर्यंत.