लाल औषधाची बाटली

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासणाऱ्याने साठी उलटल्यावर स्वतः निबंध लिहायला बसावे, हे धाडसच. त्याबद्दल, वाचकहो, आधी क्षमा मागतो. पण परवा रात्री न्हाणीघराच्या ओल्या पायरीवर पाय घसरला, कोपर सोलवटले, आणि त्या हुळहुळत्या आगीसरशी मनात एक रंग पसरला: लाल औषधाचा, वाळल्यावर किंचित हिरवट चकाकणारा रक्तवर्ण!

अमडापुरातल्या आमच्या गल्लीत त्या औषधाची एकच बाटली होती, शिवणकाम करणाऱ्या शकीलाखालांकडे. कोणाचेही पोर पडो, ते आईआधी खालांचा उंबरा गाठी. काडीला गुंडाळलेला कापूस जखमेवर टेकवीत त्या म्हणत, "रडू नको बे, मुंगीएवढंही लागत नाही." ते खरोखरच फारसे झोंबत नसे, तरी त्यांची फुंकर आली की आमचे आवरून धरलेले रडू फुटे. पाहणारे कोणी नसेल तर मूल रडते तरी कशाला? माझी धाकटी बहीण तर न पडताच गुडघा पुढे करी, "मलेही लाव नं, खाला!" आणि खाला अत्यंत गंभीरपणे त्या धडधाकट गुडघ्यावर एक ठिपका देत. मग डाग फिका होईपर्यंत येणारा-जाणारा हटकत राही, "काऊन बे, कुठी आपटला?" "चढला असन झाडावर माकडावानी!" त्या थट्टेत केवढी आपुलकी होती!

औषधाच्या दुकानात मी संकोचतच लाल औषध मागितले. दुकानदार हसला. "सर, ते आता कुठी भेटते? हे मलम न्या. आग नाही, डाग नाही, कोणाले समजतही नाही."

त्या औषधात पारा होता म्हणतात. ते गेले हे योग्यच झाले. पण कोणाला समजतही नाही, हा गुण म्हणावा की शाप?

पत्नी गेल्यापासून मी येथे एकटाच राहतो. पुण्याचा मुलगा रोज संध्याकाळी मोबाईलवर तोंड दाखवतो. "बाबा, एकदा जरी पडलात, तर घराला कुलूप लावून तुम्हांला घेऊन येईन," असे त्याने बजावले आहे. म्हणून काल मी लांब बाह्यांचा सदरा घातला. "बरे आहात ना?" त्याने विचारले. "अगदी," मी म्हणालो. त्याचा विश्वास बसला, आणि का कोण जाणे, त्याचेच मला वाईट वाटले. हे घर सोडवत नाही, आणि पडलो हे कोणालाच ठाऊक नसणेही सोसवत नाही.

आज तो पुन्हा विचारील. सांगू का त्याला?